म्याऊ करून सही करणारी कंपनी : एमटीएमच्या मांजरीचा इतिहास

पडद्याआड (धागाकर्ता)

अमेरिकन मालिका संपली की नामावली सरता सरता एकामागून एक लोगो झळकतात आणि तेवढ्यात बहुतेकांचा हात रिमोटकडे जातो. मला मात्र ती शेवटची दोन-तीन सेकंदं फार प्रिय आहेत. तिथे मालिका करणारी माणसं आपलं नाव सांगतात. त्यातही सगळ्यात जास्त जीव आहे तो एमटीएम एंटरप्रायझेसच्या मांजरीवर.

१९६९ साली अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि तिचा तेव्हाचा नवरा ग्रँट टिंकर यांनी ही कंपनी काढली. नावातली तीन अक्षरं म्हणजे मेरीचीच आद्याक्षरं. निमित्त होतं सीबीएस वाहिनीसाठी करायची मालिका, ‘द मेरी टायलर मूर शो’. ती १९ सप्टेंबर १९७० ला सुरू झाली आणि १९ मार्च १९७७ ला संपली, एकूण १६८ भाग. तिशीतली, अविवाहित, मिनिआपोलिसच्या एका टीव्ही वृत्तविभागात नोकरी करणारी बाई ही तिची नायिका. मुळात ती घटस्फोटित असणार होती, पण वाहिनीच्या लोकांना ते पचेना, म्हणून तिचं ठरलेलं लग्न मोडल्याचं दाखवलं गेलं. जेम्स ब्रुक्स आणि अ‍ॅलन बर्न्स या दोन लेखकांवरही वाहिनीचा विश्वास नव्हता. टिंकर त्यांच्या पाठीशी ठाम उभा राहिला. लेखक निवडायचा, मग त्याच्या आणि वाहिनीच्या मधे आपण उभं राहायचं, ही त्याची पद्धत पुढे कंपनीची ओळख झाली.

आता लोगो. हॉलिवूडच्या एमजीएमचा सिंह सगळ्यांना माहीत आहे : फिल्मच्या पट्टीचं गोल कडं आणि त्यातून डरकाळी फोडणारं डोकं. एमजीएम आणि एमटीएम यांत एका अक्षराचा फरक. म्हणून सिंहाच्या जागी मांजरीचं पिल्लू आलं. नारिंगी पट्ट्यांचं, मिम्सी नावाचं, प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलेलं. काळी पार्श्वभूमी, कडं, त्यात ते पिल्लू. तोंड उघडतं, बारीक आवाजात एकदाच ‘म्याऊ’ करतं, आणि संपलं.

हे नुसतं विडंबन म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं. डरकाळी चित्रपटगृहासाठी असते, अंधारात बसलेल्या हजार माणसांसाठी. टीव्ही घरात, बैठकीच्या खोलीत असतो. तिथे मांजरच शोभते. आम्ही लहान पडद्यासाठी काम करतो आणि त्यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही, हे त्या पिल्लानं पहिल्या दिवसापासून सांगितलं.

खरी गंमत पुढे आली. कंपनीचं काम वाढलं : ‘द बॉब न्यूहार्ट शो’, ‘रोडा’, ‘लू ग्रँट’, ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’. मग १९८१ मध्ये ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस ठाण्यावरची मालिका आली, आणि तिच्या शेवटी मिम्सीच्या डोक्यावर पोलिसाची टोपी. ‘सेंट एल्सव्हेअर’ रुग्णालयावरची, म्हणून तिथे शस्त्रक्रियेची टोपी आणि तोंडाला मास्क. ‘रेमिंग्टन स्टील’ गुप्तहेराची, तर शेरलॉक होम्सची टोपी आणि तोंडात पाइप. ‘म्याऊ’ करायला तोंड उघडलं की पाइप खाली पडतो! ‘न्यूहार्ट’मध्ये मांजर दिसते तीच, पण ‘म्याऊ’ हा शब्द बॉब न्यूहार्ट आपल्या सपाट, थंड सुरात म्हणतो.

म्हणजे एकच लोगो, पण प्रत्येक मालिकेसाठी वेगळा केलेला. शिक्का एकदा बनवून सगळीकडे उमटवणं सोपं होतं. यांनी तसं केलं नाही.

आणि २५ मे १९८८. ‘सेंट एल्सव्हेअर’चा शेवटचा भाग. सहा वर्षं चाललेलं ते सगळं रुग्णालय म्हणजे काचेच्या गोळ्यातल्या इमारतीकडे बघत बसलेल्या एका मुलाच्या मनातलं जग होतं, असा तो वादग्रस्त शेवट. त्यानंतर नामावली सुरू होते आणि मागे मिम्सी दिसते, कुशीवर निपचित पडलेली, सलाइन लावलेलं, शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र. नावं सरकत राहतात, मालिकेच्या संगीतात यंत्राची टिकटिक मिसळत राहते. नामावली संपते तेव्हा ठोके थांबून एकच लांब सूर उरतो.

लोगोमधून कुणी इतकं सांगितल्याचं माझ्या पाहण्यात दुसरं उदाहरण नाही. तुमच्या पाहण्यातलं असेल तर जरूर लिहा.

---

सायलेंट_रीडर

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी न्यू जर्सीत असते. नव्वदीत आम्ही नवीन आलो तेव्हा रात्री ‘निक अ‍ॅट नाइट’ वाहिनीवर मेरीची मालिका परत लागायची. इंग्रजी विनोद निम्मे डोक्यावरून जायचे, मांजर मात्र समजायची. लेक तेवढ्यासाठी जागी राहायची. टोपीतली आणि मास्कमधली मांजर मात्र मी कधी पाहिली नव्हती. ती मालिका-मालिकांप्रमाणे बदलायची हे आज कळलं. खूप आभार.

---

घाटमाथा

पडद्याआड, सुंदर लिहिलंयत. एक प्रश्न. आपल्याकडे मालिकेच्या शेवटी एखाद्याच कंपनीचं नाव येतं. अमेरिकेत तीन-तीन, चार-चार लोगो का येतात? आणि वाहिनी सोडून तिसऱ्याच कंपनीचा एवढा मान का?

---

पडद्याआड

@घाटमाथा, प्रश्न अगदी वर्मावर आहे. १९७० मध्ये तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेनं एक नियम आणला. मोठ्या वाहिन्यांनी बाहेरच्यांकडून घेतलेल्या मालिकांत आर्थिक हिस्सा ठेवायचा नाही आणि त्यांच्या पुनःप्रसारणाच्या विक्रीचा धंदाही करायचा नाही. म्हणजे मालिकेची मालकी निर्मात्याकडेच राहिली. वाहिनी पहिल्या प्रक्षेपणाचे पैसे देणार, आणि ते बहुधा खर्चाला पुरत नसत. पण मालिका पुरेशी चालली की तिचे जुने भाग शहरोशहरीच्या स्थानिक केंद्रांना विकून निर्मात्याला घसघशीत कमाई व्हायची.

त्यामुळे शेवटचा लोगो ही मालकाची पाटी होती. निर्मात्याची कंपनी, तिच्यासोबतचा स्टुडिओ, पुढे भाग विकणारा वितरक, सगळ्यांच्या पाट्या एकाखाली एक. एमटीएम, नॉर्मन लीअरच्या कंपन्या, लोरिमार हे सगळे त्या नियमाच्या आडोशाला वाढले. १९९३ पासून नियम सैल झाला आणि काही वर्षांतच गेला. मग वाहिन्यांनी स्वतःच्याच कंपन्यांकडून मालिका करून घेणं वाढवलं. स्वतंत्र कंपन्यांचे लोगो कमी का झाले, याचं मोठं कारण हे आहे.

---

रिळवाला

मी मुंबईत टीव्हीच्या एडिटिंगमध्ये आहे, म्हणून या धाग्यात राहवेना.

धागाकर्त्यांनी एक मुद्दा अजून घेतलेला नाही. लोगो हा मालिकेचा सगळ्यात सहज कापला जाणारा तुकडा असतो. तो कथेचा भाग नाही, पात्रं त्यात नाहीत, तो शेवटी वेगळा जोडलेला असतो. कंपनी विकली गेली की नवा मालक जुन्या भागांच्या प्रतींवरून आधीचा लोगो काढून आपला चिकटवतो. परदेशातले लोगोप्रेमी त्याला ‘प्लास्टरिंग’ म्हणतात. कधी कधी काम इतक्या घाईत होतं की चित्र नव्या लोगोचं आणि खाली आवाज जुन्याचा राहतो. मला असे भाग बघायला फार आवडतात, कारण तिथे कोण कुणाच्या आधी होतं हे कानाला कळतं.

डेसिलूचं तसंच. ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांची कंपनी, टीव्ही-इतिहासात एमटीएमच्या आधीचं सगळ्यात मोठं नवरा-बायकोचं घर. १९६७ मध्ये ती गल्फ अँड वेस्टर्नला विकली गेली आणि तिची पॅरामाउंट टेलिव्हिजन झाली. मूळ ‘स्टार ट्रेक’ डेसिलूत सुरू झाली आणि पॅरामाउंटच्या नावानं संपली. एकाच मालिकेच्या शेवटी मालक बदललेला दिसतो.

दुसरा घाव १९९४ चा. एनबीसी या अमेरिकन वाहिनीनं नामावली पडद्याच्या एका बाजूला दाबून उरलेल्या जागेत जाहिराती-झलका दाखवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तेच उचललं. शेवटचं संगीत गेलं, नावं मुंगीएवढी झाली. आजही आम्हाला एका वाहिनीकडून स्पष्ट सूचना असते : नामावली इतक्या सेकंदांत बसवा, वाचता आली नाही तरी चालेल. ध्वनिमुद्रकाच्या घरचे त्याचं नाव बघायला बसलेले असतात हो. ते तरी चालू नये.

---

पंचगंगा

अमेरिकेची मांजर गोड आहेच, पण कोल्हापूरची म्हणून सांगते, निर्मात्याची सही काय असते हे आपल्या लोकांना १९२९ पासून ठाऊक आहे. प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री! शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी कोल्हापुरात कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, पण तुतारी तीच राहिली. आणि शांतारामबापूंनी पुढे १९४२ मध्ये राजकमल काढली तिची कमळातून फुलं उधळणारी स्त्री. आमच्या आजोबांच्या पिढीला नाव वाचायची गरज नसे, तुतारी दिसली की माणसं सावरून बसत.

तो सिनेमा होता, टीव्ही नव्हे, हे मान्य. पण लहान पडद्यासाठी लहान प्राणी, हा धाग्यातला मुद्दा त्यामुळेच मला पटला. तुतारी टीव्हीवर मोठी वाटली असती.

---

मु_पो_ठाणे

टीव्हीचंच हवं असेल तर दूरदर्शन! मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हा ते चिन्ह आलं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या देवाशीष भट्टाचार्य यांची ती रचना. संगीत पं. रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांचं. दोन वक्र आकार फिरत फिरत येऊन मधल्या गोलाभोवती डोळ्यासारखे स्थिरावतात आणि ती धून... लिहितानासुद्धा कानात वाजतेय.

---

पडद्याआड

@मु_पो_ठाणे, @पंचगंगाताई, दोन्ही उदाहरणं आवडली. फक्त दूरदर्शनचं चिन्ह वाहिनीचं आहे. ते मालिकेच्या आधी येऊन सांगतं की तुम्ही कुठे आहात. एमटीएमची मांजर नंतर येऊन सांगते की आत्ता पाहिलंत ते कुणी केलं. आधीच्या चिन्हाला भारदस्त राहावं लागतं. नंतरच्याला मालिकेच्या मूडमध्ये मिसळता येतं. म्हणून टोप्या चढवणं मांजरीलाच जमलं.

@रिळवाला, ध्वनिमुद्रकाबद्दल लिहिलंत त्यावर माझं शंभर टक्के अनुमोदन.

---

रोखठोक_

जरा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मांजरीसाठी कुणी मालिका पाहिली नाही. मेरीच्या मालिकेला टीव्हीचे २९ एमी पुरस्कार मिळाले, ‘हिल स्ट्रीट’ला पहिल्याच वर्षी ८ मिळाले, म्हणून मांजर लक्षात राहिली. मालिका पडल्या असत्या तर हेच पिल्लू आज कुणाला आठवलं नसतं. आणि ज्यानं रोख पैसे मोजून कंपनी घेतली त्यानं स्वतःचं नाव लावलं तर बिघडलं कुठे? दुकान विकल्यावर जुन्या मालकाची पाटी कोण ठेवतं?

---

पडद्याआड

@रोखठोक_, राग कसला, मुद्दा चांगला आहे. मालिका चांगल्या होत्या म्हणून मांजर आठवते हे खरंच. पण मालिका चांगल्या का होत्या याचं कारण आणि मांजर अशी का होती याचं कारण एकच आहे. ‘हिल स्ट्रीट’चे लेखक स्टीव्हन बॉचको आणि मायकेल कोझोल यांना त्या काळी कुणी देत नव्हतं एवढं मोकळं रान एमटीएमनं दिलं : डझनभर पात्रं, एकमेकांवर आदळणारे संवाद, हातातला कॅमेरा, भागाअंती न सुटणारी प्रकरणं. ज्या घरात लेखकाला हे करता येतं, त्याच घरात कंपनीच्या लोगोला मास्क बांधून शेवटी त्याचे ठोकेही थांबवता येतात. शेवटच्या भागात आपलं बोधचिन्ह मृत्युशय्येवर दाखवू द्यायला किती कंपन्या तयार होतील?

विकत घेणाऱ्याच्या हक्काबद्दल वाद नाही. पण नवी पाटी जुनीच्या खाली लावता येते. दुकानातला माल नवा येत राहतो, मालिका मात्र तीच असते. १९८२ चा भाग कुणी केला याचं उत्तर कंपनी पुढे कुणीही घेतली तरी बदलत नाही.

विक्रीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो, कारण ती कहाणी दुःखद आहे. १९८१ मध्ये टिंकर एनबीसीचा प्रमुख म्हणून गेला. तेव्हा एनबीसी तीन मोठ्या वाहिन्यांत शेवटच्या क्रमांकावर होती. त्याच वर्षी त्याचा आणि मेरीचा घटस्फोट झाला. टिंकरनं एनबीसी वर काढली, एमटीएमचा आधार मात्र गेला. १९८८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण भागातली टीव्हीएस ही प्रादेशिक कंपनी पुढे आली आणि तिनं ३२ कोटी डॉलरना एमटीएम विकत घेतली.

नेमकं तेव्हाच अमेरिकेत तासाभराच्या जुन्या मालिकांचा पुनःप्रसारणाचा बाजार पडलेला होता. टीव्हीएस कर्जात रुतली. त्यातच १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या प्रादेशिक परवान्यांचा लिलाव झाला. टीव्हीएसनं वर्षाला सुमारे ५ कोटी ९८ लाख पौंडांची बोली लावली, म्हणजे सगळ्यात जास्त. आणि एवढे पैसे ही कंपनी पेलू शकणार नाही म्हणून ती बोलीच बाद झाली! परवाना मेरिडियन या दुसऱ्या कंपनीला गेला. टीव्हीएसचं प्रक्षेपण १९९२ च्या शेवटच्या दिवशी थांबलं.

मग १९९३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेनमेंटनं टीव्हीएस घेतली ती मुख्यतः एमटीएमच्या मालिकांच्या साठ्यासाठी. १९९७ मध्ये तीसुद्धा फॉक्सच्या छत्राखाली गेली आणि एमटीएमचं काम ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या टीव्ही विभागात विरलं. १९९६ मध्ये सुरू झालेली ‘द प्रिटेंडर’ एमटीएमनं सुरू केली आणि फॉक्सनं पूर्ण केली. २०१९ पासून हा सगळा साठा डिस्नेकडे आहे. म्हणजे सिंहाची गंमत करणारी मांजर आज उंदराच्या घरात आहे.

---

मिनेसोटावासी

मिनिआपोलिसहून लिहितोय. इथे निकोलेट मॉलवर मेरीचा पुतळा आहे, टोपी हवेत भिरकावतानाचा, २००२ मध्ये बसवलेला. मालिकेच्या सुरुवातीला ती जे करते तेच. मेरी २५ जानेवारी २०१७ ला गेली तेव्हा लोकांनी तिथे फुलं आणून ठेवली होती. टिंकर त्याच्या आधी दोनच महिने, नोव्हेंबर २०१६ मध्ये गेला होता. पर्यटक टोपीसोबत फोटो काढतात. मी मात्र आता पाहुण्यांना मांजरीचीही गोष्ट सांगणार.

---

काळोखातली_खिडकी

लोगो गोड असतातच असं नाही. स्क्रीन जेम्स, कोलंबिया पिक्चर्सची टीव्ही शाखा, तिचा १९६५ चा लोगो शोधून पाहा. पट्ट्या येतात, जुळतात, लाल रंगाचं ‘एस’ अक्षर तयार होतं. चित्रात भिण्यासारखं काही नाही. पण त्यावर एरिक सिडे या संगीतकाराचे सिंथेसायझरचे काही मोजके सूर आहेत, आणि त्या सुरांनी अमेरिकेतल्या एका पिढीतली कितीतरी मुलं घाबरली. गमतीची मालिका बघायची आणि शेवटी कानावर हात ठेवून पळायचं. १९७४ मध्ये कंपनीचं नाव बदललं आणि तो गेला. व्हायाकॉमचा १९७६ चा, अंगावर धावून येणारा ‘व्ही’ त्याच जातीचा.

मला वाटतं कारण सोपं आहे. त्यांनी आवाज कंपनीसाठी निवडला, मालिकेचा विचार केला नाही. मिम्सीच्या बाबतीत उलटं झालं. त्या दृष्टीनं गॅरी डेव्हिड गोल्डबर्गच्या ‘फॅमिली टाइज’ मालिकेच्या शेवटच्या लोगोतला कुत्राही एमटीएमच्याच घराण्यातला. “बस, ऊबू, बस. शहाणा कुत्रा!” आणि मग भुंकणं. गोल्डबर्ग आधी एमटीएममध्येच लेखक होता, त्यामुळे हे कुठून आलं असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

---

रिळवाला

@काळोखातली_खिडकी, आवाजाबद्दल अगदी बरोबर. बॉब न्यूहार्टच्या दोन मालिका घ्या, दोन्ही एमटीएमच्या. दुसरीचा शेवट १९९० मध्ये कसा झाला, तर तो पहिल्या मालिकेतल्या बेडरूममध्ये, पहिल्या मालिकेतल्या बायकोशेजारी जागा होतो, आणि दुसरी अख्खी मालिका स्वप्न ठरते. त्याच भागात आठ वर्षं तोंडातून एक शब्द न काढलेले डॅरिल आणि डॅरिल हे दोन भाऊ पहिल्यांदाच ओरडतात, “गप्प बसा!” आणि नामावलीनंतर मांजर तोंड उघडते तेव्हा ‘म्याऊ’ येत नाही, त्या दोघांचं तेच ओरडणं येतं. लोगो कापला तर त्या भागातला शेवटचा विनोदच कापला जातो. रोखठोक, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे.

---

रोखठोक_

@रिळवाला, हे उदाहरण बिनतोड आहे. अशा ठिकाणी लोगो कापणं म्हणजे भागच कापणं, मान्य. प्रत्येक लोगोला हा मान द्यावा असं अजूनही वाटत नाही, पण एमटीएमला द्यावा.

---

सायलेंट_रीडर

लेकीला (आता तिचीच मुलं शाळेत जातात) धागा वाचून दाखवला. तिचा प्रश्न : हे सगळं आज नीट बघायचं तर काय करायचं? स्ट्रीमिंगवर भाग संपायच्या आत पुढचा सुरू होतो.

---

पडद्याआड

@सायलेंट_रीडर, लेकीला सांगा, आधी सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करायची. तरीही नामावली सुरू होताच पडदा आक्रसला तर त्या छोट्या चौकोनावर दाबलं की बहुतेक ठिकाणी तो परत मोठा होतो. सुरुवात ‘रेमिंग्टन स्टील’पासून करा, मुलांना पाइप पडलेला आवडेल. मग ‘हिल स्ट्रीट’ची टोपी. ‘सेंट एल्सव्हेअर’चा शेवटचा भाग मुलं मोठी झाल्यावर, आणि त्याआधीचे निदान काही भाग पाहूनच. ज्या प्रतीत मांजरीऐवजी थेट फॉक्सचा लोगो येईल, तिचं नाव आणि भागाचा क्रमांक इथे टाका. रिळवाला आणि मी मिळून कुठल्या प्रतीत काय उरलंय याची नोंद याच धाग्यात ठेवू.